अॅनॅलॉग मंडलरचनेतील खुब्यांची संदर्भसाधने : सातारा-सांगली परिसराच्या ज्ञानपरंपरेच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कोणत्याही तंत्रविद्येत ज्ञानाचे दोन थर असतात. पहिला थर सिद्धांताचा. तो ग्रंथात असतो, वर्गात शिकविला जातो आणि परीक्षेत तपासला जातो. दुसरा थर खुबीचा. सुतार रंध्याची पाती किती बाहेर काढतो किंवा ओतारी साच्यातील वाळू किती ओली ठेवतो, हे ज्ञान या थरातील आहे. ते बहुधा हातातून हातात जाते आणि हात थकले की लोप पावते. इलेक्ट्रॉनिकीसारख्या आधुनिक शास्त्रात हा दुसरा थर नसावा, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. विशेषतः अॅनॅलॉग मंडलरचनेत, म्हणजे विद्युत् दाब वा प्रवाह सलग बदलत राहणाऱ्या मंडलांच्या रचनेत, खुबीचे महत्त्व सिद्धांताइतकेच मोठे आहे.

ही खुबी शोधावयाची कोठे, तिची संदर्भसाधने कोणती आणि ती कोणत्या वाटेने वाचकापर्यंत पोहोचली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी सातारा व सांगली हे दोन जिल्हे अभ्यासक्षेत्र म्हणून निवडले आहेत. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) या परिसरातील तांत्रिक संदर्भज्ञानाच्या परंपरेचा आढावा घेणे.
२) अॅनॅलॉग मंडलरचनेतील व्यावहारिक ज्ञानाच्या मूळ साधनांचा इतिहास पाहणे.
३) या दोहोंमध्ये राहिलेली पोकळी व तिचे स्थानिक परिणाम स्पष्ट करणे.

अभ्यासक्षेत्राची ऐतिहासिक पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची शेती, सहकारी साखर कारखानदारी आणि शिक्षणसंस्थांचे जाळे ही दोन्ही जिल्ह्यांची समान वैशिष्ट्ये होत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. १९४७ मध्ये सांगलीच्या विश्रामबाग भागात न्यू इंजिनिअरिंग कॉलेज स्थापन झाले व पुढे ते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. १९६० मध्ये कऱ्हाड येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेने या साऱ्या उच्च शिक्षणाला एक छत्र लाभले.

योगायोग असा, की १९४७ हेच वर्ष अॅनॅलॉग मंडलांच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. 'क्रियात्मक विवर्धक' ही संज्ञा जॉन रागाझिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षीच्या आपल्या निबंधात रूढ केली. आज 'ऑप-अॅम्प' या सुटसुटीत नावाने ओळखला जाणारा हा घटक या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

किर्लोस्करवाडी : कारखान्यातून निघालेले मासिक

व्यावहारिक तंत्रज्ञानाविषयी मराठीत लिहिण्याची परंपरा या परिसरात जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल स्थानकालगतच्या माळावर कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांचे यंत्रज्ञान प्रामुख्याने स्वयंअध्ययनाचे होते. पुस्तके, परदेशी यांत्रिक मासिके आणि उत्पादकांची सूचिपत्रके ही त्यांची संदर्भसाधने होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय आहे. सूचिपत्रक हे विक्रीसाठी छापलेले असते. परंतु जाणत्याच्या हाती ते पाठ्यपुस्तकाचे काम करते.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. पुढे 'किर्लोस्कर' या नावाने ते महाराष्ट्रभर वाचले गेले आणि त्याचे स्वरूप साहित्यिक व सामाजिक बनले. आरंभी मात्र ते कारखान्याचे व त्याच्या गिऱ्हाइकांचे पत्र होते. बनविणारा आणि वापरणारा यांच्यात मराठीतून छापील संवाद असावा, ही त्यामागील कल्पना होती. यंत्र विकले म्हणजे काम संपले असे न मानता ते समजावून सांगण्याची जबाबदारीही उत्पादकाचीच आहे, हा विचार या परिसरात शंभर वर्षांपूर्वी रुजला होता. नांगर व पंप यांच्या बाबतीत जे घडले ते इलेक्ट्रॉनिकीच्या बाबतीत मराठीत त्या प्रमाणात घडले नाही.

वाई : विश्वकोशाचे कार्य आणि त्याची मर्यादा

परिसरातील दुसरी महत्त्वाची परंपरा वाईची. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाच्या वतीने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाई येथे चालले. १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ स्थापन झाले आणि विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला. 'इलेक्ट्रॉनिकी', 'अर्धसंवाहक', 'ट्रँझिस्टर तंत्रविद्या' यांसारख्या नोंदींमुळे या शास्त्राची तत्त्वे प्रथमच मराठीत सुसंगतपणे मांडली गेली. विवर्धक, आंदोलक, धारित्र, रोधक अशा शब्दांना स्थिर अर्थ मिळण्यास या कार्याचा मोठा हातभार लागला.

तथापि कोशाचे प्रयोजन वेगळे असते. विवर्धक म्हणजे काय, हे कोश सांगतो. विवर्धक बांधला असता तो स्वतःहून आंदोलक का बनतो आणि त्यावर काय करावे, हे सांगणे कोशाचे काम नव्हे. शिवाय काळाचाही प्रश्न होता. पहिल्या खंडापासून विसाव्यापर्यंत सुमारे चार दशके गेली. ७४१ हा ऑप-अॅम्प १९६८ मध्ये आणि ५५५ हा कालमापक घटक १९७२ मध्ये बाजारात आला. म्हणजे पहिला खंड निघाला त्याच सुमारास मंडलरचनेची संपूर्ण पद्धत बदलत होती. सुट्या ट्रँझिस्टरांवरून एकसंध घटकांवर आलेल्या या रचनेच्या खुब्या कोशाबाहेर, दुसऱ्याच प्रकारच्या कागदांवर लिहिल्या जात होत्या.

पाठ्यपुस्तक आणि प्रयोगशाळा यांतील अंतर

या कागदांकडे वळण्यापूर्वी महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांचा विचार करणे आवश्यक आहे. मिलमन व हल्कियस यांचे 'इंटिग्रेटेड इलेक्ट्रॉनिक्स' हे १९७२ चे पुस्तक आणि रमाकांत गायकवाड यांचे ऑप-अॅम्पवरील पुस्तक यांनी भारतातील अनेक पिढ्या घडविल्या. या ग्रंथांचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु त्यांतील विवेचन आणि प्रयोगशाळेतील अनुभव यांत एक अंतर राहते. वीन सेतू आंदोलकाचे उदाहरण घेतल्यास ते स्पष्ट होईल.

पदवी स्तरावर हा प्रयोग सर्वपरिचित आहे. विवर्धकाची वृद्धी ३ असली की आंदोलने टिकतात, असे गणित सांगते. प्रत्यक्षात वृद्धी नेमकी ३ ठेवता येत नाही. ती किंचित कमी झाली तर आंदोलने विरतात; किंचित जास्त झाली तर ती वाढत जाऊन तरंगाचे माथे कापले जातात. विद्यार्थी पोटेन्शिओमीटर फिरवून क्षणभर बरी आकृती मिळवितो, वहीत काढतो आणि प्रयोग संपतो. वस्तुतः या अडचणीवरील उपाय १९३९ मध्येच सापडला होता. विल्यम ह्यूलेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात पुनःप्रदायाच्या मार्गात एक लहानसा तापदीप बसविला. आंदोलने वाढली की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि वृद्धी आपोआप कमी होते. आंदोलने घटली की याच्या उलट घडते. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीचे पहिले उत्पादन याच कल्पनेवर उभे राहिले. एका साध्या दिव्याने मंडल स्वतःला सावरू लागले. पाठ्यपुस्तकात वृद्धीची अट राहिली. दिवा बहुधा गळला.

असेच दुसरे उदाहरण निवेशी प्रवाहाचे. ७४१ च्या निवेशात सामान्यतः ८० नॅनोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह वाहतो. आदर्श ऑप-अॅम्पच्या गणितात तो शून्य धरला जातो. पण हाच प्रवाह १ मेगाओहम रोधातून गेला की ८० मिलिव्होल्टचा दोष निर्माण होतो. दोन्ही निवेशांना दिसणारा रोध सारखा ठेवणे, हा यावरचा जुना उपाय. त्यासाठी घातलेला एक जादा रोधक अनेक आकृत्यांत दिसतो. परंतु तो तेथे का आहे, हे न कळल्याने विद्यार्थी तो निरुपयोगी समजून काढून टाकतो. खुबीची नोंद झाली, कारणाची झाली नाही, की असे घडते.

खुब्यांची मूळ साधने

मग कारणासहित खुबी कोठे नोंदली गेली? याचे उत्तर इतिहासात शोधता चार प्रकारची साधने आढळतात.

पहिले साधन म्हणजे उत्पादकांची तपशीलपत्रके व उपयोजन टिपणे. जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने १९५२ मध्ये के२-डब्ल्यू हा निर्वात नलिकांचा ऑप-अॅम्प विक्रीस आणला आणि १९६६ मध्ये संगणनी विवर्धकांच्या उपयोजनांची पुस्तिका प्रसिद्ध केली. बॉब विडलर यांनी फेअरचाइल्डमध्ये १९६५ मध्ये ७०९ हा घटक घडविला. तो वेगवान होता, पण बाहेरून योग्य धारित्रे व रोधक न जोडल्यास आंदोलित होई. डेव्ह फुलगर यांनी ७४१ मध्ये सुमारे ३० पिकोफॅरडचे धारित्र घटकाच्या आतच बसविले आणि हा त्रास संपविला. ७४१ शिक्षणात इतका रूढ का झाला, याचे एक महत्त्वाचे कारण या लहानशा धारित्रात आहे. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीचे एएन-३१ हे टिपण म्हणजे तर ऑप-अॅम्पच्या मंडलांचा संग्रहच होय. किर्लोस्करवाडीच्या सूचिपत्रकांबद्दल वर जे म्हटले, ते या टिपणांनाही तंतोतंत लागू पडते.

दुसरे साधन नियतकालिकांचे. इंग्लंडमधील 'वायरलेस वर्ल्ड', अमेरिकेतील 'ईडीएन' व 'इलेक्ट्रॉनिक डिझाइन' यांत अभियंत्यांनी पाठविलेल्या लहान लहान मंडलकल्पना छापल्या जात. भारतात १९६९ पासून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक निघू लागले. जिल्ह्याच्या गावी मोठी ग्रंथालये नसताना असे मासिक हाच बाहेरच्या जगाशी दुवा असे.

तिसरे साधन म्हणजे कामाच्या मेजावर ठेवण्याचे ग्रंथ. नलिकांच्या काळात लँगफर्ड-स्मिथ यांचे 'रेडिओट्रॉन डिझाइनर्स हँडबुक' हा असा ग्रंथ होता. नंतर वॉल्टर युंग यांचे 'आयसी ऑप-अॅम्प कुकबुक' आले. हॉरोविट्झ व हिल यांचा 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' १९८० मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच्या पुढील आवृत्त्या १९८९ आणि २०१५ मध्ये निघाल्या. या ग्रंथाने चांगल्या मंडलांबरोबर चुकीच्या मंडलांचेही नमुने दिले आणि चूक ओळखणे हाही शिक्षणाचा भाग आहे, हे मान्य केले.

चौथे साधन अनुभवकथनाचे. बॉब पीझ यांचे अॅनॅलॉग मंडलांतील दोषशोधनावरील पुस्तक आणि जिम विल्यम्स यांनी संपादित केलेला अॅनॅलॉग रचनेवरील लेखसंग्रह ही दोन्ही १९९१ ची. हे दोघेही जून २०११ मध्ये, एकमेकांपासून काही दिवसांच्या अंतराने निधन पावले. विल्यम्स यांच्या स्मरणार्थ झालेल्या सभेहून परतताना पीझ यांना अपघात झाला. त्यांनी आपल्या चुका लिहून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांचे ज्ञान मागे उरले. ज्यांनी लिहिले नाही अशांची संख्या कितीतरी मोठी असणार.

उसाचा काटा : एक स्थानिक उदाहरण

ही चर्चा केवळ प्रयोगशाळेपुरती आहे असे कोणास वाटेल. म्हणून या परिसराच्या अर्थजीवनातील एक उदाहरण विचारात घेणे उचित ठरेल. गळीत हंगामात सातारा-सांगलीतील शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ठरते. 'काटामारी' हा शब्द येथील ऊसशेतीच्या बोलीत आणि राजकारणात मुरलेला आहे. काट्यातील लबाडी हा निराळा विषय; त्याची चौकशी वैधमापन यंत्रणेने करावयाची असते. परंतु कोणाचीही लबाडी नसताना काटा चुकू शकतो काय, हा प्रश्न अॅनॅलॉग मंडलरचनेचा आहे.

इलेक्ट्रॉनिक काट्याखाली भारकोश असतात. त्यांतील ताणमापके व्हीटस्टन सेतूच्या रूपात जोडलेली असतात. पूर्ण भाराला प्रत्येक व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट हे सर्वसाधारण प्रमाण धरले, तर १० व्होल्ट पुरवठ्याला सेतूतून अवघे २० मिलिव्होल्ट मिळतात. काट्याची क्षमता ४० टन आणि वाचन १० किलोंच्या टप्प्याने मानल्यास एकूण ४,००० भाग होतात आणि प्रत्येक भागाच्या वाट्याला ५ मायक्रोव्होल्ट येतात. आता विवर्धकाचा शून्यबिंदू प्रत्येक अंश सेल्सिअसला ५ मायक्रोव्होल्ट सरकतो असे समजू. ७४१ च्या चांगल्या प्रतीच्या तपशीलपत्रकातही ही सरक १५ मायक्रोव्होल्टपर्यंत असू शकते. पहाटेपासून दुपारपर्यंत तापमान १० अंशांनी वाढले, तर ५० मायक्रोव्होल्टची, म्हणजे १०० किलोंची चूक संभवते.

या अडचणीवर उपाय आहेत आणि ते सर्व खुबीच्या थरातील आहेत. रिकाम्या काट्याचा शून्यबिंदू वारंवार तपासून घेणे हा त्यांतील सर्वांत साधा. १९४९ मध्ये गोल्डबर्ग यांनी मांडलेली खंडक-स्थिरीकरणाची पद्धत विवर्धकाची सरक जवळजवळ नाहीशी करते. सेतूला पुरविलेला दाबच मोजमापाचा संदर्भ म्हणून वापरला, तर पुरवठ्यातील चढउतार अंशात व छेदात सारखाच येऊन निघून जातो. चारऐवजी सहा तारांची केबल वापरल्यास लांब तारेत घटलेला दाब कळून येतो. भिन्न धातूंच्या जोडावर तापमानभेदामुळे प्रत्येक अंशाला काही मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. म्हणून डाख दिलेले दोन्ही जोड शेजारी शेजारी, एकाच तापमानात ठेवावे लागतात. अलीकडच्या काट्यांत २४ बिटांचे परिवर्तक आल्याने बरेच काम अंकीय झाले आहे. तरीही भारकोशापासून परिवर्तकापर्यंतचा मार्ग अॅनॅलॉगच राहिला आहे. पाऊस, धूळ आणि उंदीर यांचा उपद्रव याच मार्गाला होतो. जोडपेटीत शिरलेला ओलावा शेतकऱ्याच्या खात्यात उतरतो, ही बाब केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही.

शोधातील अडचणी

वरील साधने आज पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. एकेकाळी दुर्मिळ असलेली तपशीलपुस्तके आता संगणकावर विनामूल्य मिळतात. तरी दोन अडचणी उरतात.

पहिली अडचण साधनांच्या अस्थिरतेची. २००० मध्ये बर-ब्राउन आणि २०११ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टर या कंपन्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाल्या. २०१७ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजी ही अॅनॅलॉग डिव्हायसेसमध्ये गेली. अशा विलीनीकरणात जुनी टिपणे नव्या क्रमांकांखाली जातात. जुन्या पुस्तकातील संदर्भावरून शोध घेणारा विद्यार्थी त्यामुळे वाट चुकतो.

दुसरी अडचण भाषेची. एकाच वस्तूला विश्वकोशात 'मंडल', शालेय पुस्तकात 'परिपथ' आणि दुरुस्तीच्या दुकानात 'सर्किट' म्हटले जाते. कोशातील 'धारित्र' दुकानात 'कपॅसिटर' असते. पुरवठ्याच्या पिनेलगत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र बसवावे, हे कारागिराला ठाऊक असते. पण त्याचे शब्द आणि प्राध्यापकाचे शब्द जुळत नाहीत. परिणामी कारागिराचा अनुभव ग्रंथात येत नाही आणि ग्रंथातील कारण कारागिरापर्यंत जात नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सातारा-सांगली परिसराला तांत्रिक संदर्भज्ञानाच्या दोन समृद्ध परंपरा लाभल्या. किर्लोस्करवाडीने बनविणारा व वापरणारा यांच्यात छापील संवाद घडविला. वाईने शास्त्राची तत्त्वे व परिभाषा मराठीत आणली.

२) अॅनॅलॉग मंडलरचनेतील खुब्या प्रामुख्याने उत्पादकांची टिपणे, नियतकालिके, मेजावरचे ग्रंथ व अनुभवकथन यांत नोंदल्या गेल्या. पाठ्यपुस्तक हे त्यांचे मुख्य स्थान कधीच नव्हते.

३) जेथे खुबीबरोबर तिचे कारण व आधीची चूक नोंदली गेली, तेथेच ती पुढील पिढीला उपयोगी पडली.

४) ही साधने आणि स्थानिक कारागीर यांच्यातील दुवा मराठीत दुबळा राहिला. त्याचे परिणाम उसाच्या काट्यासारख्या रोजच्या व्यवहारापर्यंत पोहोचतात.

या पार्श्वभूमीवर परिसरातील महाविद्यालयांच्या भौतिकी व इलेक्ट्रॉनिकी विभागांनी प्रयोगशाळेत एक कायम नोंदवही ठेवणे शक्य आहे. बिघडलेले मंडल, आढळलेला दोष, त्याचे कारण, केलेला उपाय आणि मूळ टिपणाचा जुना व नवा क्रमांक एवढी नोंद त्यात असावी. प्रत्येक घटकासाठी कोशातील व दुकानातील असे दोन्ही शब्द लिहावेत. निवृत्त होणाऱ्या प्रयोगशाळा साहाय्यकांकडून आणि गावातील जुन्या रेडिओ दुरुस्तीकारांकडून त्यांच्या खुब्या वेळीच टिपून घ्याव्यात. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक वही, एक जबाबदार शिक्षक आणि वर्षातून एकदा त्या नोंदींचे संपादन एवढे पुरेसे आहे. पाच-दहा वर्षांत अशा वह्यांतून मराठीतील एक छोटा परंतु विश्वसनीय संदर्भग्रंथ आकारास येऊ शकेल आणि त्याची सामग्री याच दोन जिल्ह्यांतील प्रयोगशाळांची व दुकानांची असेल.